घडीव पिस्टन आणि ओतीव संस्कृती

परवा पेडण्यात एका घरगुती बैठकीत माझ्यावर चक्क खटला भरला गेला. बैठक कवितेची. चहा झाला, पाव-भाजी झाली, आणि एका ज्येष्ठ कवीमित्राने विचारलं, ‘सध्या काय लिहितोयस?’ मी म्हटलं, ‘केरीच्या गॅरेजात एक इंजिन बांधून झालंय, त्यावर.’ क्षणभर कुणीच काही बोललं नाही. मग मित्र म्हणाला, ‘अरे, तू मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. संस्कृती सोडून ग्रीसमध्ये कशाला हात घालतोस?’ सगळे हसले. मीही हसलो. सरकारी कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठेही हसता येतं! पण घरी पोचेपर्यंत डोकं तापलं होतं. तिथे जे बोलायला सुचलं नाही ते इथे लिहितो.

आधी केरी कुठली ते सांगतो, कारण गोव्यात केरी एक नाही. एक सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. एक फोंड्याची, नायलॉनच्या कारखान्याविरुद्ध उठलेली. मी म्हणतो ती पेडण्याची केरी, जिथे तेरेखोलची नदी समुद्राला मिळते, पलीकडे किल्ला दिसतो आणि फेरीबोट या काठावरून त्या काठावर जात राहते. किनाऱ्यावर सुरूची झाडं आहेत, तीही समुद्राने बरीच खाल्ली. पर्यटक इथवर येतात आणि परततात. आमचे मेस्त तिथेच, रस्त्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस वर्षं इंजिनं उघडतायत. पाटी नाही. असायची, ती वाऱ्याने गेली.

आता माझा भाचा. बहिणीचा धाकटा, वय चोवीस. भावोजींची २००५ सालची एस्टीम त्याच्या वाट्याला आली. तेराशे सीसी, सोळा व्हॉल्व्ह, ८५ घोडे. बापाला पंधरा वर्षं पुरलेले घोडे मुलाला दोन महिन्यांत कमी पडले. मग शहरातला कुणी एक ‘ट्यूनर’ भेटला. त्याने भंगारातला टर्बो बसवला, लॅपटॉप जोडला, काही आकडे बदलले, पैसे घेतले आणि सांगितलं, ‘आता दीडशे घोडे.’ इंजिनाच्या आतल्या एका स्क्रूलाही त्याने हात लावला नव्हता. तीन आठवडे गाडी खरोखर पळाली. चौथ्या आठवड्यात, रात्री, धारगळच्या आसपास ती एकदम बसली. मागून येणाऱ्या दहाचाकीच्या ड्रायव्हरने कसा ब्रेक मारला देव जाणे. दोघांमध्ये हातभर अंतर राहिलं, असं भाचा सांगतो. बहिणीला तो ‘पाच-सहा मीटर’ सांगतो.

गाडी टोचन करून केरीला आणली. मेस्तांनी हेड उतरवलं, संप उतरवला, आणि तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन जुन्या पेपरवर ठेवला. वरच्या दोन रिंगांमधली कड चणीच्या डाळीसारखी फुटून गेली होती. रॉड वाकलेला. सिलिंडरच्या भिंतीवर नखाने ओरबाडल्यासारखे ओरखडे. भाचा बघत राहिला. मेस्त एवढंच म्हणाले, ‘घरांत दोग जाण राविल्ले, तूंवें धा जाण हाडले. खाट मोडली.’

याहून सोपं स्पष्टीकरण मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. तरी हिशेब पाहा. या इंजिनात पिस्टन साडेपंचाहत्तर मिलिमीटर वर-खाली होतो. मिनिटाला ६००० फेरे असताना सेकंदाला दोनशे वेळा तो थांबतो आणि उलट फिरतो. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून वजन फक्त पाव किलो धरलं, तरी वरच्या टोकाला तो वळताना रॉडला जो ओढा बसतो तो अर्ध्या टनाच्या घरात जातो. हे निव्वळ वळण्याचं, स्फोटाचा दाब वेगळाच. आणि फेरे ६००० वरून ७५०० केले तर ताण सव्वापट होत नाही, दीडपटीच्याही थोडा वर जातो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. टर्बोने फेऱ्यांपेक्षा दाब वाढवला. मूळ इंजिनात हवा-पेट्रोलाचं मिश्रण आधीच नऊपटीहून जास्त दाबलं जात होतं. त्यात वरून कोंबलेली हवा. मग ठिणगी पडल्यावर मिश्रण शिस्तीत जळण्याऐवजी कोपऱ्यात आपोआप भडकतं. गॅरेजात याला नॉकिंग म्हणतात. आत कुणी हातोडी मारत असल्यासारखा आवाज. ती हातोडी पिस्टनवरच पडत असते.

कारखान्याचा पिस्टन बहुधा ओतीव असतो. वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं, गार करायचं, तासायचं. ८५ घोड्यांना तो उत्तम. जादा ताकद हवी तर घडीव पिस्टन लागतो. धातूचा गट्टू तापवून प्रचंड दाबाखाली आकार द्यायचा, म्हणजे आतले कण आकाराच्या वळणाने बसतात, पोकळी राहत नाही. आपल्याकडे फरक कळायला इंजिनिअर व्हायची गरज नाही. समई ओतीव आणि कोयता घडीव. समईने कुणी माड छाटायला जात नाही! रॉड कारखान्याचेही बहुतेक घडीवच असतात, पण तेवढ्याच घोड्यांच्या मापाने. त्यांच्या जागी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे, रुंद छेदाचे रॉड आणि त्यांचे वेगळे बोल्ट घालावे लागतात. पुष्कळदा रॉडच्या आधी बोल्टच दगा देतो.

आणि घडीव माल आणून बसवला की झालं असंही नाही. तो तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून पिस्टन आणि भिंत यांच्यात जागा थोडी जास्त ठेवायची. त्यामुळे सकाळी थंड इंजिन खडखडतं. नवखा माणूस घाबरतो, जाणता गरम होईपर्यंत थांबतो. रिंगांच्या टोकांमधली फटही वाढवायची, नाहीतर तापून टोकं एकमेकांवर चढतात आणि पुन्हा तीच कड फुटते. पिस्टनचं डोकं खोलगट घेऊन दाब उतरवायचा. हेडच्या बोल्टांऐवजी स्टड. बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली तेलाची जागा मोजायची, आणि ती केसापेक्षा कमी असते. आमच्या मेस्तांनी चारही रॉड गावच्या सोनाराकडे नेले आणि त्याच्या काट्यावर तोलले. जड निघाले त्यांना कानशीने जिथे घासायला चालतं तिथेच घासत चौघांना एका वजनावर आणलं. सोनार म्हणे आधी चिडला, मग चष्मा बदलून स्वतःच मोजायला बसला.

ब्लॉक बोअर करायला बेळगावला उद्यमबागेत गेला. ओरखडे जाण्यासाठी अर्धा मिलिमीटर जास्त. म्हणजे गंमत बघा, केरीचा ब्लॉक डिचोली-साखळीवरून दुसऱ्या केरीतून चोर्ला चढून बेळगावला गेला आणि त्याच वाटेने परत आला. मी बरोबर होतो, रजा टाकून. तिथे एका शेडमध्ये क्रँकशाफ्टांच्या राशी पाहिल्या. काम करणारी पोरं मराठीत बोलत होती, आणि मापं तोंडपाठ, आपण आरती म्हणतो तशी.

आता कवीमित्राला माझा प्रश्न. यात संस्कृती नाही ती कुठे?

‘मेस्त’ हा शब्दच घ्या. पोर्तुगीज ‘मेस्त्रे’पासून आला. अर्थ गुरू, आपल्या कामातला पारंगत. देशावरचा ‘मिस्त्री’ही तोच. इंग्रजांच्या वाटेने त्याच मुळाचा ‘मास्टर’ आला. मंगेशीचे दीनानाथ मास्टर झाले आणि त्यांच्या नावाने पणजीच्या कला अकादमीत नाट्यगृह आहे. असायलाच हवं, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण त्याच शब्दाचा दुसरा वारस रस्त्याकडेच्या शेडमध्ये उकिडवा बसलाय, आणि त्याला आपण ‘ए मेस्ता, किती टायम लागेल’ असं विचारतो. एकाच्या ‘सा’ला आपण मान डोलावतो. दुसरा बेअरिंगचा ‘सा’ स्क्रूड्रायव्हर कानाला लावून ऐकतो, तर आपण घड्याळ बघतो.

म्हणाल, साहित्याशी याचा काय संबंध? मग मराठी साहित्याचा इतिहास उघडा. बेळगावात १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे नांगर ओतायला लागले. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, नांगर-चरकांची खबर देणारं पत्रक! त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, मग १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. महाराष्ट्राच्या दोन-तीन पिढ्यांना विचार करायला शिकवणारी ही मासिकं भट्टीच्या शेजारी छापली जात होती. शंकरराव किर्लोस्करांना यंत्र आणि लेख यांच्यात सोवळं-ओवळं दिसलं नाही. आपल्याला का दिसतं? आपल्या आजोबांनी ज्यांचे अंक बांधून ठेवले, त्यांच्या धंद्याचं नाव काढलं की आपण नाक मुरडतो.

आणखी एक. १९६१ साली गोवा मुक्त झाला. त्याच वर्षी पुण्यात नीलकंठराव कल्याणींनी भारत फोर्ज काढली. मुंढव्यात घडलेले क्रँकशाफ्ट जगभरच्या ट्रकांत फिरतात. कोल्हापूरच्या शिरोलीच्या फाउंड्रीत इंजिनाचे भाग ओतले जातात. म्हणजे मराठी मुलखात इंजिनाचं काळीज घडतं, आणि मराठी लिहिणाऱ्याला पिस्टन म्हणजे काय ते माहीत नसतं, माहीत नसल्याचं भूषणही वाटतं. गोव्यात तर मुक्तीनंतर पोर्तुगीज काळातल्या परदेशी गाड्या पार्टांशिवाय उघड्या पडल्या. त्या कुणी चालत्या ठेवल्या? कवींनी नव्हे. (हे जरा लागेल, पण लागू दे.)

आता दुसरा आरोपी, कायदा. मी कारकून, कलमं वाचायची सवय आहे. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम सांगतं की नोंदणीच्या कागदावरचा तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. २००० सालच्या दुरुस्तीने ही भाषा आली. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आणखी घट्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दर बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. गाडी सीएनजीवर किंवा बॅटरीवर न्यायची तर कायद्यात वाट आहे. इंजिन आतून मजबूत करून तपासून घ्यायचं तर मला तरी वाट सापडली नाही.

हेतू वाईट नाही हे मीही मानतो. रात्री अकराला सायलेन्सर फाडून केरी-हरमलच्या रस्त्यावर फिरणारी पोरं मलाही नकोत. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला तेव्हा मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. पण कायद्याच्या एकाच दावणीला सायलेन्सर फोडणारा, लॅपटॉपवाला आणि सोनाराच्या काट्यावर रॉड तोलणारा असे तिघे बांधले गेले की फायदा कुणाचा होतो? लॅपटॉपवाल्याचा. त्याचं काम बाहेरून दिसत नाही, एक बटण दाबलं की मूळ आकडे परत येतात. मेस्तांचं काम लोखंडात असतं, ते लपत नाही. जो पुरावा मागे ठेवतो तोच सापडणार!

शिवाय या विसंगतीचा हिशेब सगळ्यांनाच लावू या का? आपल्या टॅक्सीवाल्यांच्या फियाट आठवा. पद्मिनीचा सिलिंडर ६८ मिलिमीटरचा, इंजिन १०८९ सीसी. झिजलं की बोअर करून पाव, अर्धा, पाऊण, शेवटी एक मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन घालायचे. एक मिलिमीटर वाढला की तेच इंजिन ११२२ सीसीचं होतं. कागदावर मरेपर्यंत १०८९. अशा किती फियाट गोव्यात पाहुण्यांना घेऊन फिरल्या असतील? सगळ्यांना पकडायचं होतं का? कुणी पकडलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं की ही दुरुस्ती आहे आणि मेस्ताने केलीय. म्हणजे मेस्तावर विश्वास ठेवणं आपल्याला जमत होतं. कागदाबाहेर ठेवलेला तो विश्वास कागदावर आणायचा एवढंच माझं मागणं आहे.

जर्मनीत गाडीत बदल केला की परवानाधारक तपासनीस तो बघतो, ब्रेक-चाकं त्या ताकदीला पुरतात का ते पाहतो आणि पास झाला तर गाडीच्या कागदावर नोंद होते. नापास झाला तर उतरवायचा. यात आकाशातून काही आणायचं नाही. आपल्याकडे आयटीआय आहेत, तिथे मोटार मेकॅनिकचा कोर्स आहे. एक मायक्रोमीटर, एक बोअर गेज, एक ब्रेक तपासायचं यंत्र, आणि चाळीस वर्षं इंजिन उघडलेला एक म्हातारा खुर्चीवर बसवा. त्याला मानधन द्या. डिग्री मागू नका. २०१४ पासून गोव्याच्या पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज भरत आली, तिथे पार बदललेल्या जीप-जिप्सी चिखलातून जाताना बघायला आपण छत्र्या घेऊन उभे राहतो. त्या गाड्या कुणीतरी बांधलेल्याच असतात ना?

एक आक्षेप माझ्या बहिणीचा आहे आणि तोच सगळ्यांत खरा आहे. ती म्हणते, ‘पण ताकद हवीच कशाला? केरीहून पेडण्याला जायला?’ मला स्वतःला नको. माझी स्कूटर मला पुरते. मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यातले रस्ते रुंद झाले, आणि रुंद रस्ता दिसला की चोवीस वर्षांच्या पोराचा पाय जड होतो, हे मी रोज बघतो. पण तिला मी सांगितलं, ‘बाय, तुझ्या मुलाला ट्यूनरने तीन आठवड्यांत दीडशे घोडे दिले. मेस्तांनी सात महिने घेतले, आणि त्यात पहिले दोन महिने त्याला फक्त नट धुवायला लावलं.’ या सात महिन्यांत तो रोज संध्याकाळी शेडमध्ये होता. मायक्रोमीटर धरायला शिकला. एका रिंगची फट चुकली म्हणून मेस्तांनी चारही पिस्टन परत काढायला लावले तेव्हा रडकुंडीला आला, पण काढले. ब्रेक मोठे केल्याशिवाय टर्बोचा पाइप जोडणार नाही, अशी मेस्तांची अट. एकदा त्याने विचारलं, आवाज जरा मोठा करता येईल का? मेस्त म्हणाले, ‘हांव आवाज विकना.’

इंजिन गेल्या महिन्यात बांधून झालं. स्टँडवर बसवून चालू केलं. थंड असताना खडखडलं, मी घाबरलो, भाचा घाबरला नाही. पाच मिनिटांनी खडखड थांबली. बिघडलेला तो पिस्टन मेस्तांनी शेडमध्ये गणपतीच्या तसबिरीखाली ठेवलाय, खंडेनवमीला त्यालाही झेंडूचं फूल मिळेल.

गाडीत मात्र ते अजून चढलेलं नाही. मेस्तांनीच अडवलं. अर्ध्या मिलिमीटरच्या बोअरने इंजिन १३१६ सीसीचं झालंय, वर टर्बो, आणि कागदावर आहे १२९८. मला म्हणाले, ‘तूं सरकारांत न्ही? मागीर कागद कोणाक घालचो तें सांग.’

मी अर्ज लिहिला. मराठीत, दोन प्रतींत, मापांचा तक्ता जोडून, बेळगावच्या बोअरिंगची पावती जोडून. तपासणी करून नोंद घ्यावी, नापास झाल्यास कारण कळवावं, असं नम्रपणे लिहिलं. खिडकीतल्या माणसाने तक्ता उलटसुलट पाहिला, विचारलं, ‘हे कशाचं?’ मी म्हटलं, ‘पिस्टनचं.’ त्याने शिक्का मारला, आवक क्रमांक दिला. त्याला आज सव्वीस दिवस झाले. इंजिनावर मेस्तांनी गोणपाट घातलंय, समुद्राची हवा लागू नये म्हणून, आणि भाचा दर रविवारी केरीला जाऊन क्रँक हाताने दोन फेरे फिरवून येतो.